नळीतला श्वास

खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका डेअरीत सरोजिनी यंत्रांना पुरवायची हवा तपासत असे. दुधाजवळची हवा कोरडी, निर्मळ हवी.

त्या दुपारी नळ्यांत हवा सोडणारा कॉम्प्रेसर बंद होता, सगळी डेअरी पेंगत होती. तरी नळीपुढे धरलेल्या आरशावर वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

"दिगंबरराव, ही नळी श्वास घेतेय."

"घेऊ द्या की. रजा तर मागत नाही ना?" फिटर दिगंबरराव म्हणाले.

घाबरून तिने व्हॉल्व्ह बंद केला. आरसा लख्ख झाला, आणि तिचा श्वास छातीतच अडकला. धडपडत तिने व्हॉल्व्ह उघडला. नळीतून धारोष्ण दुधासारखा ऊबदार उसासा आला, तेव्हा कुठे तिच्या छातीत हवा शिरली.

दिगंबररावांनी पाना उचलला.

"सरा बाजूला. फिल्टर बदलायचाय. व्हॉल्व्ह तासभर बंद ठेवतो."