चापातली खोट

"ह्याचाही चाप भिकार आहे," म्हणत ऑर्व्हलनं तिसरं पिस्तूलही पुढ्यातल्या फळीवर ठेवून दिलं.

लाइलनं ते उचललं. बंदुकांचं दुकान त्याचं, दुकानामागची नेमबाजीची रेंज त्याची, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा नियमही त्याचाच. पण ऑर्व्हल स्टकी कसलं गिऱ्हाईक! आख्खी हयात शेरीफच्या खात्यात काढलेला म्हातारा. त्याच्याशी कुणी भांडलं नाही तर त्याला करमायचंच नाही.

"काय वाईट आहे रे त्यात?"

"आधी नुसता पोकळ येतो. मग कुठंतरी अडतो. अडतो तो कधी सुटेल, देव जाणे. आणि सुटला की नळीला हिसडा बसतो. तो निशाणाचा कागद बघ ना!"

कागदावर सगळी भोकं खाली, डावीकडच्या कोपऱ्यात जमली होती. तिन्ही पिस्तुलांची.

ऑर्व्हलच्या मुलीनं, मेरीबेथनं, तो कागद मघाशीच पाहिला होता. एखादं पिस्तूल वाईट निघतं, मान्य. पण तीन कारखान्यांची तीन पिस्तुलं एकाच कोपऱ्यात कशी मारतील? तिला हे ज्यानं शिकवलं तो बापच आता चापाला शिव्या घालत होता.

सोमवारपासून ऑर्व्हल गावातल्या शाळेवर पहारेकरी म्हणून लागणार होता. फक्त शुक्रवारची नेमबाजीची परीक्षा तेवढी मधे होती. शाळेनं टोपी आधीच देऊन टाकली होती आणि पठ्ठ्या ती जेवतानाही काढत नव्हता. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तो रोज सकाळी दाढी करायला लागला होता. मेरीबेथला त्याचा आनंद होता, खरंच होता. पण त्याच शाळेत तिची टिली तिसरीत होती.

"चौथं आण," ऑर्व्हल म्हणाला. त्याची बोटं सारखी पँटच्या शिवणीवर वाजत होती. "आणि भरवशाचं आण. हे ऐन वेळी अडकलं असतं."

"अडकलं कुठं ते?" लाइलनं विचारलं.

"असतं म्हणतोय ना मी!"

लाइल हसत चौथं घेऊन आला. "मी भरते, डॅडी," मेरीबेथ म्हणाली आणि गोळ्यांचं मॅगझिन घेऊन पाठमोरी झाली. जॅकेटच्या खिशातली नारिंगी प्लास्टिकची खोटी गोळी तिनं खऱ्या गोळ्यांमध्ये दडवली.

युक्ती बापाचीच. ती लहान असताना तो अशीच एखादी खोटी मिसळून द्यायचा, कितवी ते सांगायचा नाही. खोटी आली की बार होत नाही, धक्का बसत नाही. तरीही नळी खाली गेली, तर समजायचं की धक्क्याच्या धास्तीनं हातच आधी दबतोय. आणि हात दबला की त्या रात्रीची भांडी तिच्याकडे. हा स्टकींच्या घरचा कायदा. एका उन्हाळ्यात तिनं इतकी भांडी घासली की शेवटी आईनं बापाला झापलं होतं.

ऑर्व्हलनं पाय रोवले. बार झाला. दुसरा झाला. मग नुसतं 'टक्'.

नळी भसकन खाली गेली.

"बघ!" तो ओरडला. "उडालीच नाही! आणि म्हणे भरवशाचं!" जुन्या सवयीनं तो नळी समोर धरून क्षणभर थांबला, मग त्यानं झटका देऊन आतली गोळी बाहेर काढली. ती टणटणत फरशीवर पडली आणि त्याच्या बुटापाशी येऊन थांबली. नारिंगी.

लाइलला अचानक काचा पुसायचं काम आठवलं.

ऑर्व्हल वाकला. गोळी उचलून त्यानं बोटांत फिरवून पाहिली. "ही तीच? तुझ्या लहानपणची?"

"तीच. डॅडी, मला तुला—"

"गप." त्यानं गोळी तिच्या हातात दिली. "पुन्हा भर. मी बघत नाही."

आणि तो खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मेरीबेथनं मॅगझिन हातात घेतलं. सगळ्या खऱ्याच भरल्या तर? कुणाला कळणार होतं? सोमवारी सकाळी तो दाढी करून टोपी घालून निघाला असता. मग शाळेच्या दारातली टिली तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि तिनं ती नारिंगी गोळी मधोमध घातली.

ह्या वेळी त्याला ठाऊक होतं. दात आवळून, श्वास धरून त्यानं एकेक बार काढला. 'टक्' झालं आणि नळी पुन्हा खाली गेली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात पायरीवरच्या बर्फावरून घसरून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं होतं. धास्ती मात्र गेली नव्हती, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानं मॅगझिन काढलं, झटका देऊन खोटी गोळी फरशीवर पाडली, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि ते अलगद फळीवर ठेवलं.

"काय रे?" लाइलनं लांबूनच विचारलं. "ह्याचाही भिकार?"

"नाही," ऑर्व्हल म्हणाला. "चाप लोणी आहे. चारही पिस्तुलांचा."

त्यानं टोपी काढून मेरीबेथच्या हातात दिली. "शाळेत फोन तू कर. मला नाही जमायचं."

मेरीबेथला रडूच फुटलं. तिला हेच हवं होतं, आणि आता ते सोसवत नव्हतं. ऑर्व्हलनं ती नारिंगी गोळी फरशीवरून उचलून शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"रडतेस काय वेडे? चल घरी. आजची भांडी माझ्याकडे."