अडलेल्यांचा नंबर

"आज संपणार म्हणे तुमचं ते बेट," चपला घालता घालता नवरा म्हणाला. "सुटलो एकदाचा."

ती नुसती हसली. उत्तर तयार होतं, पण ते जिभेवर यायला वेळ लागे आणि नवऱ्याला थांबायची सवय नव्हती.

"काही आणायचंय?"

तिने ओट्यावरच्या रिकाम्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

"दूध. बरं."

तो दार ओढून गेला. दाराची मूठ निखळली होती, तिथे त्याने सुतळी बांधली होती. सगळा जन्म पार्सल खात्यात गेलेला माणूस. घरात जे मोडेल ते तो सुतळीने बांधायचा. कपाटाचं दार, चष्म्याची काडी, परवा तर नळाची तोटीसुद्धा.

मेंदूला झटका येऊन गेल्यापासून तिचं सगळं बोटानेच चाले. शब्द तिला माहीत असत, पण ते ओठांपर्यंत पोचत नसत. वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "बोट दाखवलं की वस्तू हातात देऊ नका. शब्द येईपर्यंत थांबा. हे सुरुवातीचे महिने वाया गेले तर पुढे अवघड आहे."

तो मान डोलवायचा. पण साध्या चहासाठी झगडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याच्याने बघवत नसे. कप पुढे यायचा आणि शब्द आत राहायचा.

मग एके दिवशी कोपऱ्यातला तिचा जुना लाल फोन वाजला.

ती पूर्वी संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. त्या खेळांत पळापळ नसे, गोळीबार नसे. पडद्यावर एखादी खोली दिसायची. बाण नेऊन वस्तूवर दाबलं की नायक ती उचलून खिशात टाकायचा, मग ती शिडी का असेना. भलतीकडे भलतंच वापरलं तरी कोणी मरत नसे. नायक खांदे उडवून म्हणायचा, "हे इथे चालणार नाही." लोक एकेका कुलपापाशी आठवडा आठवडा अडून बसत. शेवटी खोक्यावर छापलेल्या नंबरावर फोन करत आणि ती त्यांना सोडवत असे. उत्तर द्यायचं नाही, नुसती दिशा दाखवून थांबायचं, असा तिथला नियम होता. कंपनी बंद झाली तेव्हा निरोपाची भेट म्हणून तिने तो लाल फोन नंबरासकट मागून घेतला. त्यावर वर्षानुवर्षं कोणी फोन केला नव्हता.

"मॅडम, अडलोय," घोगऱ्या आवाजाचा कोणी म्हातारा बोलत होता. "तो बेटावरचा खेळ. पुतण्याने त्याच्या दुकानात नव्या संगणकावर चालू करून दिलाय. बोटीतून उतरलो. आता पुढे काय?"

तिने सवयीने बोट उचललं. फोनवर बोट दिसत नाही. पलीकडचा माणूस थांबून राहिला. त्याने ना शब्द सुचवला, ना घाई केली.

"वा...," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने पुढचं आलं. "वाळू."

"वाळू होय! उकरतो."

त्यानंतर तो रोज दुपारी फोन करू लागला. नवऱ्याने नाक मुरडलं. "कोण लागून गेलाय हा? आम्ही नाही बुवा असे परक्या बायकांना फोन करत." आणि फोनची वेळ झाली की तो बागेत निघून जायचा. "तुमच्या गप्पांत माझी अडचण नको."

ती मात्र त्या फोनची वाट बघायची. सकाळपासून मनात शब्द जुळवून ठेवायची, आणि फोनवर हळूहळू त्यांची छोटी छोटी वाक्यं होऊ लागली. मध्ये एकदा फळीवरच्या जुन्या खेळांची धूळ पुसताना बेटाचं खोकं हाताला हलकं लागलं. तिने ते कानाशी नेऊन हलवून पाहिलं. आत खेळाची तबकडी वाजली नाही. तिने खोकं होतं तसं ठेवून दिलं.

आता बेट संपत आलं होतं. बेट संपलं की फोन थांबणार, आणि फोनबरोबर शब्दही थांबले तर, ही भीती तिला रात्रीपासून कुरतडत होती.

फोन वाजला.

"मॅडम, दीपगृहात पोचलो. पण दिव्याचा उजेड काही बाहेर पडत नाही."

"काय काय करून पाहिलंत?"

"आधी दोरी लावून पाहिली."

तिला हसू आवरेना. "तुम्ही सगळ्याला आधी दोरीच लावता."

"सवय हो. तर तो शहाणा म्हणतो, हे इथे चालणार नाही."

"बरोबर म्हणतो. काच बघा."

"काजळी धरलीय. पुसायला पाहिजे. पण फडकं कुठंय माझ्याकडे?"

"खिशात काय आहे?"

"शिडी, तेलाची बाटली, दोरी, बोका."

"मऊ काय आहे त्यात?"

तो विचारात पडला. ती नियमाप्रमाणे थांबली.

"बोक्याने काच पुसू?" तो म्हणाला. "काहीतरीच काय."

"खेळ आहे. करून बघा."

खटकन आवाज आला. बोका ओरडला. मग रिसीव्हरमधून शेवटची धून वाजू लागली. बेटाकडे होड्या परतताना वाजायची, तीच. दोघं ती संपेपर्यंत ऐकत राहिले.

"लागला हो दिवा," त्याचा आवाज आणखी घोगरा झाला होता. "आता फोन करायला निमित्त उरलं नाही. फार उपकार झाले, मॅडम."

"उपकार तुमचे," ती म्हणाली. "मी नुसती बोटं दाखवत बसले होते. तुम्ही थांबलात, म्हणून मला बोलता आलं."

एवढं सलग, कुठेही न अडखळता, ती आजारपणानंतर पहिल्यांदाच बोलली होती. पलीकडे कोणीतरी नाक ओढलं.

"बरं. ठेवतो मग."

"ठेवा," ती म्हणाली. "आणि येताना दूध विसरू नका."