खुरपलेला वाफा

तपासनीस येणार म्हणून कौसाक्काने सकाळपासून वाफा खुरपला. घुमटाखाली प्रत्येक घराला गवताचा एकच वाफा मिळे, आणि घरच्यांनी सोडलेला श्वास त्या वाफ्यालाच जिरवावा लागे. घरात चौघं होती. सून रेवाला सातवा महिना होता, आणि सातव्यापासून पोटातलं बाळही माणूस म्हणून मोजलं जाई. पाचव्या माणसाची मंजुरी आज मिळायची होती.

तपासनीस आला तेव्हा वाफ्यात फक्त मारवेल गवत डुलत होतं, एकसारखं, हिरवंगार. कडेला उपटलेल्या तणाचा ढीग होता.

"घुमट व्हायच्या आधी चाळीस वर्षं शेती केली मी," कौसाक्का म्हणाली. "तणाची एक काडी ठेवली नाही बघा."

तपासनीसाने ढिगातून हातभर लांब मूळ उचललं. "गेल्या महिन्यात इथं चौदा जाती होत्या, आजी. काहींची मुळं वर, काहींची खोल. सगळ्या मिळून पाच माणसांचा कार्बन ओढत होत्या. एकटं मारवेल चौघांपुरतंच."

"परत लावते की."

"मुळं खोल जायला तीन वर्षं लागतात." त्याने रेवाच्या हातात कागद दिला. "चार नावं लिहा. पाचवं माणूस आजच घुमटाबाहेर जाईल."

बाहेरच्या हवेत माणूस संध्याकाळ पाहत नसे.

रेवाने नवऱ्याचं नाव लिहिलं, मुलीचं लिहिलं, आपलं लिहिलं. मग पोटावर हात ठेवून चौथ्या ओळीत 'बाळ' लिहिलं.

कौसाक्का पदराने खुरप्याची माती पुसत होती.

"आत्या," रेवा सासूकडे न बघता म्हणाली, "खुरपं इथंच ठेवून जा."