तिसरी रांग, पाचवी कबर
"हळू घास, आजोबांना लागेल," आत्या म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. दरवर्षी तीन तास बसचे धक्के खायचे, खेड्यातल्या जुन्या चर्चमागच्या दफनभूमीत यायचं आणि अक्षरं पुसून गेलेला दगड मी घासायचा. आत्या शेजारी बसून वर्षभराची गाऱ्हाणी आजोबांना ऐकवणार. आज पहिल्यांदाच रखवालदार भेटला. "बाई, ही तर सुईणबाईंची कबर." आत्या भडकली. "फाटकापासून तिसरी रांग, पाचवी कबर! बाबांना पुरलं तेव्हाच मोजलंय मी." "तेव्हा फाटक पलीकडे होतं. तुमचे वडील त्या टोकाला." मी ब्रश बादलीत आपटला. अकरा वर्षं परक्या बाईचं शेवाळ खरवडून माझे गुडघे गेले! "ऊठ, चल तिकडे." आत्या हलेना. "तरीच!" ती दगडाकडे बघत म्हणाली. "बाबांनी माझं एवढं कधी ऐकून घेतलं होतं? तू हो पुढे. माझं सांगायचं राहिलंय."