घोडी सावकाश न्या

ट्रेलरचा हुक त्याने स्वतः पुन्हा एकदा तपासला. बायको तिथं जरा जास्तच वेळ घुटमळली होती, ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण पिन पक्की बसली होती, दोन्ही साखळ्या अडकवलेल्या होत्या, मागचे दिवे लागत होते. खोट काढायला जागाच नव्हती.

"झालं सगळं," ती म्हणाली. पोरगी तिच्या कडेवर होती, खांद्यावर मान टाकून काहीतरी गुणगुणत. तो जवळ आला तशी पोरगी गप्प झाली. शिस्त म्हणतात ती हीच, असं त्याचं मत होतं.

घोडी चढवायचं काम बायकोचं. तो अंघोळीला गेला की तिने ते उरकून टाकायचं, कारण त्याचं नुसतं तोंड दिसलं तरी घोडी मागच्या पायांवर उभी राहायची. एकदाच चाबूक जरा जास्त चालला होता, पण जनावर डूख धरून बसलं. एरवी त्याने पर्वा केली नसती. आता घोडी गाभण होती. आत उसळली आणि पोटातलं शिंगरू गेलं तर सगळंच मुसळ केरात. घोडी विकत घेणाऱ्या म्हाताऱ्याने आधीच बजावलं होतं, दोन्ही जीव धड उतरले तरच व्यवहार, नाहीतर आल्या पावली परत.

घोडी बायकोच्या माहेरची. बापाने जाण्याआधी तिच्या हातात दिलेली. मध्ये एकदा बायको पोरीला उचलून भावाकडे निघून गेली होती. त्याने आरडाओरडा केला नाही, आणायलाही गेला नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "राहा की खुशाल. घोडी आहेच इथं माझ्यापाशी." दुसऱ्या दिवशी उजाडताच बायको दारात हजर. घोडीला बांधायला दावं लागायचं. बायकोला घोडी पुरायची.

पण परवा ती उलटून बोलली, तेही पोरीसमोर. त्याच संध्याकाळी त्याने घोडी विकल्याचं सांगून टाकलं. रडेल, पाया पडेल अशी त्याची अपेक्षा होती. तिने फक्त विचारलं, कधी नेणार. चांगली जिरली, असं त्याला वाटलं.

ट्रेलरच्या एका खणात घोडी, दुसऱ्यात तिच्या खुराकाची पोती, असं त्याने सांगून ठेवलं होतं. नव्या जागी एकदम खाणं बदललं की घोड्याच्या पोटात कळा येतात. ट्रेलरची वरची दारंही तिने ओढून घेतली होती. वाऱ्याने डोळ्यांत कचरा जातो म्हणाली.

"सावकाश न्या," तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि मध्ये कुठं मागची फळी उघडू नका. बिथरेल."

"मला शिकवतेस? हे सगळं मीच शिकवलंय ना तुला?"

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच."

त्याने गाडी अशी चालवली की मागे काठोकाठ भरलेली घागर असावी. वळण दिसलं की लांबूनच वेग कमी. ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. खड्डा आला की एकेक चाक उतरवायचं. मागून आलेल्या ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय काका, वरात आहे का?" तो हसला. एवढ्या हळुवारपणे त्याने घरातलं दारही कधी लावलं नव्हतं.

आतून हूं नाही की चूं नाही. एरवी ही घोडी पत्र्याला लाथा घालून जीव नकोसा करायची. चालवणारा जाणता असला की जनावरालाही कळतं, असं म्हणत तो स्वतःवरच खूश झाला.

अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाच्या सावलीत तो थांबला. आत डोकावायचा मोह झाला, पण आवरला. ट्रेलरला वळसा घालून त्याने घरी फोन लावला. तो बाहेर असला की दिवसातून दोनदा लावायचाच, आणि तिने लगेच उचलायचा असा नियम होता. डाव्या कानाला फोन लावून त्याने उजवा कान पत्र्याला टेकवला. पत्रा उन्हाने कोमट झाला होता.

"पोचलात?" तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"अर्ध्यात आहे. कुठं आहेस?"

"घरीच. मी कुठं जाणार?"

तेवढ्यात घोडी फुरफुरली. लांब, निवांत, पोट भरल्यासारखी. त्याचा जीव भांड्यात पडला.

"ऐकलंस? मजेत आहे तुझी लाडकी."

"ऐकलं," ती म्हणाली. "घाई करू नका. सावकाश जा."

उरलेली वाट त्याने आणखीच हळू कापली.

म्हातारा फाटकातच उभा होता. तबेल्यात ताजं गवत अंथरलेलं, पाण्याची बादली भरलेली. लग्नघरासारखी तयारी. त्याने अभिमानाने सांगितलं की वाटेत एक धक्का बसू दिला नाही, हवं तर तुमच्या डॉक्टरला बोलवा. म्हातारा म्हणाला, आधी उतरव तर खरी.

त्याने बाजूला उभं राहून, तोंड दिसणार नाही अशा बेताने मागची फळी खाली घेतली. आतून कोणी उसळलं नाही. मग तो पुढे झाला.

दोन्ही खणांत पोती होती. एकावर एक नीट रचून, घसरू नयेत म्हणून दोरखंडाने बांधलेली. गवताची जाळी भरलेली होती, काडीही हललेली नव्हती. कडीला घोडीच्या तोंडावरची मोरकी रिकामीच अडकवलेली, एका झटक्यात सुटणाऱ्या त्या गाठीने, जी त्यानेच तिला शिकवली होती.

"घोडी कुठंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

त्याचा हात आपसूक वर गेला आणि चेहऱ्यापाशी घुटमळला. पत्र्याला त्याने उजवा कान लावला होता. घोडी फुरफुरली होती ती डाव्या कानात.