पिवळी टोपी

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या इतक्या जवळजवळ आहेत, की विमानं खांद्याला खांदा लावून जोडीनं उतरतात. त्यांच्यावर नजर ठेवणं ही मारिविकची नोकरी. आभाळ मोकळं असलं की तिचा नियम साधा: वैमानिक एकदा "शेजारचं विमान दिसतंय" म्हणाला, की अंतर सांभाळायचं काम त्याच्या गळ्यात.

हाच नियम तिनं घरीही लावला होता. रविवारी खाडीकाठच्या बागेत दोन वर्षांचा मीगो पाण्याच्या दिशेनं सुटला, तशी तिनं नवऱ्याला हाक मारली.

"रोडेल, पिवळी टोपी दिसतेय का?"

"दिसतेय."

"नक्की?"

"अगं बाई, दिसतेय. तू खा आता निवांत."

जबाबदारी रीतसर सोपवून मारिविकनं डबा उघडला. मीगो झाल्यापासून पहिल्यांदाच तिनं लुंपियाचे तळलेले रोल गरम असताना खाल्ले. रोडेलनंही शब्द पाळला. डोक्यावरून विमानांच्या चार जोड्या गेल्या, पण त्यानं टोपीवरची नजर काही ढळू दिली नाही.

अर्ध्या तासानं एक अनोळखी बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांना धरून एकेक पिवळी टोपीवालं पोर उभं होतं.

"माझ्या पोरीवर इतका वेळ लक्ष ठेवलंत, फार उपकार झाले," ती म्हणाली. "आता आमची सगळी केळी संपवून बसलेला हा तुमचा का, तेवढं सांगा."