ट्राउटच्या तळ्याकाठी

देवगडचा मच्छीमार प्रेमानंद ओमानमधल्या एका डोंगरी लॉजवर पाहुण्यांना थंड पाण्याच्या खाजगी तळ्यात पाळलेले ट्राउट मासे धरायला मदत करायचा. आज त्याची बायको प्रमिला पहिल्यांदाच गावाहून येत होती. गाडी फाटकाशी पोचल्याचा फोन आला, पण पाहुण्याला पाण्याशी एकटं सोडायची परवानगी नव्हती, आणि मस्कतचा हा म्हातारा पाहुणा मासा मिळाल्याशिवाय उठायला तयार नव्हता. प्रेमानंद काठावर येरझाऱ्या घालत राहिला. "तू फिरतोस, मासे पळतात. बस," म्हातारा हिंदीत म्हणाला. प्रेमानंद कसाबसा बसला. थोड्याच वेळात म्हाताऱ्याची दोरी ताणली. प्रेमानंदाने मासा जाळीत घेतला, गळ सोडवला आणि वळून पाहिलं, तर मागे बॅग घेऊन प्रमिला उभी. त्याने हात पाठीमागे नेले. "हाताक माशाचो वास येता." तिने ते ओढून धरले. "येवंदे. माज्या घरात ह्यो वास येवन तीन वर्सां झाली."